मोकळा सोडलेला गडी

लेलंड हॉर्कीने अठ्ठावीस हिवाळे काउंटीचं बर्फ सारायचं यंत्र चालवलं आणि एवढ्या वर्षांत कुणाची रस्त्याकडेची टपालपेटी पाडली नाही. आमच्या प्लम फोर्क गावात माणसाची याहून मोठी स्तुती कुणी करत नाही. उंच, जरासा पोक काढून चालणारा, बोलण्याआधी टोपी कपाळावर ओढणारा माणूस. वडिलांच्या गायी विकल्या गेल्यावर तो काउंटीत नोकरीला लागला. अठ्ठ्याहत्तर साली मार्लिस व्होंड्राशी लग्न केलं. एक मुलगी झाली, ती शिकून डेन्व्हरला गेली. एवढंच लिहायचं तर एक पोस्टकार्ड पुरेल.

पण गेल्या जानेवारीत कर्नीच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं की हृदयाची झडप बदलली नाही तर पुढचा उन्हाळा दिसणार नाही. लेलंड म्हणाला, आधी मला एक गोष्ट कळू दे, मग बघू. ती गोष्ट तो तळघरात बसून शोधत होता, टीव्हीवरच्या खेळात. मार्लिसला ते माहीत होतं आणि मला माहीत होतं. मला जरा जास्तच माहीत होतं.

मुलगी घर सोडून गेली तेव्हा तिचा टीव्हीवर व्हिडिओ गेम खेळायचा जुना डबा आणि फुटबॉलची एक तबकडी तळघरात राहिली होती. फुटबॉल म्हणजे आमचा, लांबट चेंडू काखेत घेऊन पळायचा. नोकरी संपल्यावर पहिल्याच हिवाळ्यात लेलंडने तो डबा टीव्हीला जोडला. त्यात स्वतःचा संघ बनवायची सोय आहे. गावाचं नाव, कपड्यांचा रंग, प्रत्येक गड्याची उंची, ताकद, वेग, सगळं आपण भरायचं. लेलंडने आमच्या शाळेचा त्र्याहत्तर सालचा संघ बनवला. अकराच्या अकरा आम्ही. तो स्वतः बारा नंबरचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा. मी, एल्डन प्राख्ट, एकाहत्तर नंबर, डावीकडचा अडवणारा. आणि चोवीस नंबर गॅरी व्होंड्रा, मार्लिसचा धाकटा भाऊ.

मी दर गुरुवारी दुपारी त्याच्याकडे जात असे. पहिल्या गुरुवारी त्याने मला माझाच गडी दाखवला.

"वेग एकावन्न?" मी म्हटलं.

"तोही मैत्रीखातर. खरा एकोणचाळीस होता."

त्या अकरापैकी सहा जण आता नाहीत. पडद्यावर मात्र ते रांगेत वाकून उभे राहत, पळत, पडत, उठत. शिरस्त्राणाच्या आत चेहरा नसे, नुसता काळोख, पण पाठीवरची नावं वाचता येत. आवाज लेलंड बंद ठेवायचा. गर्दीचा आवाज खोटा वाटतो म्हणायचा. त्यामुळे तळघरात फक्त बटणांची टकटक आणि वर मार्लिसची पावलं. खिडकी एकच, छताला लागून, आणि जानेवारीत ती अर्धी बर्फाने बुजलेली. उजेड खालून वर येतोय असं वाटायचं.

लेलंड ऑप्शन नावाचा डाव खेळायचा. आता कुणी खेळत नाही, सगळे हवेतून लांब फेकतात. ऑप्शनमध्ये क्वार्टरबॅकसमोर तीन वाटा असतात. मधून घुसणाऱ्या दांडग्याच्या पोटाशी चेंडू द्यायचा, किंवा स्वतः घेऊन पळायचं, किंवा शेवटच्या क्षणी बाहेरून मागोमाग पळणाऱ्याकडे फेकायचा. कुठली वाट, हे आधी ठरलेलं नसतं. ते समोरच्या संघाचा कडेचा गडी ठरवतो, आणि म्हणून त्याला मुद्दाम मोकळा सोडायचा. अडवायचा नाही. तो आत धावला तर चेंडू बाहेर न्यायचा, तो थांबला तर आत द्यायचा. म्हणजे तो काहीही करो, चूकच करतो.

लेलंड हे टीव्हीवर ज्या रीतीने करायचा ते पाहून मला शाळेचे दिवस आठवत. चेंडूकडे बघायचंच नाही, तो हातात आहे हे माहीतच असतं. नजर त्या एका गड्याच्या खांद्यावर. जोरात पळायचं बटण तो दाबत नसे. ते दाबलं की क्वार्टरबॅक एकटाच पुढे निघून जातो आणि बाहेरचा जोडीदार मागे पडतो, मग फेकायचं कुणाकडे. कडेकडे आडवं पळायचं नाही. सरळ अंगावर जायचं, समोरच्याला निवड करायला लावायची, आणि त्याचा पाय उचलला गेला की मगच फेकायचं. डावाआधी दोन्ही बाजूंची डोकी मोजायची आणि जिकडे कमी तिकडे जायचं. तीन यार्ड, चार यार्ड, परत तीन. बघणारा कंटाळतो.

फेब्रुवारीत अग्निशमन दलाच्या शेडमध्ये चिलीचं, म्हणजे घेवडा आणि खिम्याच्या तिखट रश्श्याचं, जेवण असतं. एका वर्षी तिथे मोठा टीव्ही लावून स्पर्धा ठेवली होती. शाळेत शेतकी शिकवणारा कोल्बी, पंचविशीतला, तिघांना हरवून लेलंडसमोर बसला. एका हातात दालचिनीचा रोल होता, तो चिलीत बुडवत होता.

"आजोबा, या खेळात चेंडू फेकताही येतो बरं का," तो म्हणाला.

"तुझ्याकडे आला की फेक," लेलंड म्हणाला.

पहिला अर्धा खेळ संपत आला तरी कोल्बीला चेंडू मिळाला नव्हता. बिचाऱ्याने हातातली खेळायची बटणांची कळ खाली ठेवली आणि दुसरा रोल आणायला गेला. लोक अजून त्याला विचारतात, चेंडूचा रंग कोणता होता रे.

हे गावाला माहीत होतं. घरी लेलंड असं खेळत नसे, हे गावाला माहीत नव्हतं. घरी तो एकच डाव खेळायचा.

त्र्याहत्तरचा नोव्हेंबर, शनिवार दुपार, कारण आमच्या मैदानाला तेव्हा दिवे नव्हते. सटली गावाच्या शाळेशी सामना. चौथी म्हणजे शेवटची संधी, अजून दोन यार्ड हवे, त्यांच्या गोलरेषेपासून एकोणीस यार्डांवर, डाव आमच्या डावीकडे. वारा उत्तरेचा, जमीन गोठून पाट्यासारखी झालेली. सटलीचा कडेचा गडी रोली म्हणून होता, दोनशे वीस पौंडांचा. लेलंडने त्याच्याकडे बघितलं. रोली खांदा पाडून लेलंडवर येत होता. म्हणून लेलंडने चेंडू बाहेर गॅरीकडे फेकला. अगदी बरोबर केलं. पण चेंडू हवेत असताना रोली लेलंडवर न जाता बाहेर वळला, आणि गॅरीने चेंडू झेलला त्याच क्षणी त्याच्यावर आदळला. गॅरीचं डोकं जमिनीवर आपटलं. तो उठला नाही. सोमवारी पहाटे हेस्टिंग्जच्या इस्पितळात वारला. सतरा वर्षांचा होता.

लेलंडला कुणी दोष दिला नाही. गॅरीच्या आईने त्याच्या गालाला हात लावला. मार्लिसने पुढे त्याच्याशी लग्न केलं, आणि पंचेचाळीस वर्षांत एकदाही त्याला त्या डावाबद्दल विचारलं नाही. मला वाटतं, विचारलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. तो एवढंच म्हणायचा, "तो माझ्याकडे येत होता, एल्डन. मी पाहिलं. माझ्याकडे येणारा माणूस बाहेर कसा गेला? मग मी काय पाहिलं?"

माणूस आपल्या डोळ्यांवर पन्नास वर्षं संशय घेत जगला.

आता माझं. आमचे प्रशिक्षक ब्रूनिंग सर, त्यांचा एक नियम होता. मोकळ्या सोडलेल्या गड्याला डावीकडच्या अडवणाऱ्याने हात लावायचा नाही. त्याच्या इतक्या जवळून जायचं की कपड्याला वारा लागावा, पण स्पर्श नाही. सर म्हणायचे, तो आपलाच माणूस आहे, फक्त त्याला ते माहीत नाही. त्याला ढकललंत तर तो खोटं सांगायला लागेल. सरावात ते त्या गड्याच्या खांद्यावर मैदान आखायचा चुना फासत. सराव संपल्यावर ज्याच्या बाहीवर पांढरं दिसेल त्याने दहा फेऱ्या मारायच्या. मी कधी मारल्या नाहीत. मला दुसरं काही येत नव्हतं, पण हे येत होतं.

त्या दिवशी रोलीने लेलंडला तीनदा गुडघ्याशी धडकून पाडलं होतं. लेलंड लंगडत होता. चौथ्या वेळी त्याचा पाय मोडेल असं मला वाटलं. रोलीच्या जवळून जाताना मी डावं कोपर बाहेर काढलं आणि त्याच्या बरगडीला लावलं. ढकललं असंही म्हणता येणार नाही. तो अडखळला, पुढे झुकला, आणि झुकलेला माणूस अंगावर येणाऱ्यासारखा दिसतो. लेलंडने तेच पाहिलं. मग रोलीने तोल सावरला आणि सावरताना त्याचा पाय बाहेर पडला.

हे मी कुणाला सांगितलं नाही. आधी भीतीने, आणि नंतर इतकी वर्षं गेली होती म्हणून.

जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारी मार्लिसने मला दारातच थांबवलं. हळू आवाजात म्हणाली, तो जेवत नाही, जिना चढला की ओठ निळे होतात, कर्नीहून दोनदा फोन आला. "तुझं ऐकतो तो. सांग त्याला." मी म्हटलं, सांगतो. माझ्या हातात तिने कॉफीचा कप दिला आणि मी खाली गेलो.

लेलंड पडद्याच्या फार जवळ बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बस. तुला एक दाखवायचंय. मंगळवारपासून असं करतोय."

"कोण?"

"तू."

मला वाटलं, चेष्टा करतोय. त्याने डाव लावला. तोच. एकोणीस यार्ड, डावीकडे. चेंडू बाराच्या हातात आला, मधला दांडगा घुसला, समोरचा कडेचा गडी खांदा पाडून आला, बाराने चेंडू बाहेर फेकला, तो गडी बाहेर वळला, चोवीस पडला. आवाज नव्हता. मग बाकीचे गडी नेहमीसारखे चालत पुढच्या डावासाठी गोळा झाले. चोवीस पडूनच राहिला.

"जखमा होण्याची सोय मी पहिल्या दिवशीच बंद केली होती," लेलंड म्हणाला. "इथे कुणी पडून राहू शकत नाही."

दहाच जण रांगेत आले. नाही, नऊ. मी परत मोजले. एकाहत्तर रांगेत नव्हता. तो मैदानात जिथे होता तिथेच उभा होता, चोवीसकडे पाठ करून. तोंड आमच्याकडे. तोंड म्हणजे ती काळी पोकळी. बाकीचे सगळे श्वास घेतल्यासारखे हलतात, हे त्या खेळात असतंच, पण तो हलत नव्हता.

मी म्हटलं, तबकडी जुनी आहे, ओरखडे पडले असतील.

"कोल्बीची आणली. नवीकोरी. तेच." त्याने झालेला डाव उलटा फिरवला. त्या खेळात तशी सोय आहे, डाव सावकाश पाहायची, कॅमेरा कुठेही न्यायची. त्याने तो खाली जमिनीलगत आणला, रांगेच्या मागे, जिथून माणूस कधी बघत नाही. "हे चाळीस वेळा बघितलंय मी. आता तू बघ."

एकाहत्तर उठला, पाऊल टाकलं, त्या कडेच्या गड्याच्या जवळून निघाला. आणि त्याचं डावं कोपर बाहेर आलं. जेमतेम. कडेचा गडी झुकला. मग सावरला.

लेलंडने चित्र तिथेच थांबवलं.

"या खेळात अडवणारा ऑप्शनमध्ये मोकळ्या सोडलेल्या गड्याला हात लावतच नाही," तो म्हणाला. "तसं लिहिलेलंच नाही त्यात. सहा वर्षं खेळतोय, हजारो वेळा, एकदाही नाही. आणि हे मी बनवलेलं नाही, एल्डन. कोपर बनवता येत नाही. उंची, वजन आणि वेग. बस."

खिडकीबाहेर वाऱ्याने बर्फ उडत होता आणि खोलीतला उजेड कमी-जास्त होत होता. पडद्यावरचं ते कोपर मी ओळखलं. आपला हात माणूस लांबूनही ओळखतो. माझ्या हातातला कप कधी थंड झाला कळलं नाही. लेलंड काही विचारत नव्हता. तो फक्त वाट बघत होता, माझ्या खांद्याकडे बघत, चेहऱ्याकडे नाही.

मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. तबकडी, ओरखडे, म्हातारपण, काहीही म्हणता आलं असतं. आणि तो तिथेच बसून राहिला असता, उन्हाळा येईपर्यंत, किंवा येईपर्यंतही नाही.

"लेलंड, मी त्याला हात लावला होता."

त्याची नजर माझ्या खांद्यावरच होती.

"रोलीला. त्या दिवशी. कोपर. तुझा पाय मोडेल असं वाटलं मला."

मग त्याने खेळायची कळ शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि गुडघ्यांवर हात टेकून उठला. ओठ खरंच निळे होते. खोलीच्या मध्ये जाऊन उभा राहिला, वाकून, एक हात जमिनीच्या दिशेने, रोली उभा राहायचा तसा.

"दाखव," तो म्हणाला.

"लेलंड, तुझं हृदय—"

"दाखव म्हटलं."

अडुसष्टाव्या वर्षी मी त्या गालिच्यावर वाकलो. उठलो, उजवा पाय टाकला, त्याच्याजवळून निघालो, इतक्या जवळून की त्याच्या लोकरी शर्टाचा वास आला. आणि कोपर बाहेर काढलं. तेवढंच. तेवढ्याच जोराने. पन्नास वर्षांनी हाताला जोर किती ते आठवत होतं, याचीच मला भीती वाटली.

लेलंड अडखळला. डोकं पुढे झुकलं, खांदा पडला, एक क्षण तो कुणाच्यातरी अंगावर धावून जातोय असं दिसलं. तिथे कुणीच नव्हतं. मग त्याने तोल सावरला, आणि पुढचं पाऊल आपोआप बाहेरच्या बाजूला पडलं, जिन्याकडे.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मार्लिस उभी होती.

ती कधी खाली आली होती मला माहीत नाही. लेलंड तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. पडद्यावर ते थांबलेलं चित्र होतं.

"मी बरोबर बघितलं होतं," लेलंड तिला म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा आला. "मार्लिस, मी बरोबर बघितलं होतं."

ती पायरीवर बसली. तिने त्याची बाही धरली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल जे मला उरलेलं आयुष्यभर वागवावं लागेल. पण तिने फक्त विचारलं, "तो पडला तेव्हा तू कुठे होतास?"

"चार पावलांवर."

"काही म्हणाला तो?"

पन्नास वर्षांत तिने हे कुणालाच विचारलं नव्हतं. मी सांगितलं. गॅरी म्हणाला होता, चेंडू सुटला नाही ना. सुटला नव्हता. तो त्याच्या काखेत होता. मी त्याला तसं सांगितलं होतं.

मार्लिसने मान हलवली. लेलंड तिच्या शेजारी, त्याच पायरीवर, कसाबसा मावून बसला. तो म्हणाला, सोमवारी कर्नीला फोन कर, तारीख घे. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "एल्डन, तू घरी जा आता."

रागावून नाही. रस्त्यावर बर्फ असला की तो लोकांना ज्या आवाजात घरी जा म्हणायचा, त्याच आवाजात.

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. मी इस्पितळात गेलो नाही. गाडी काढली होती, पण आमच्या रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो. संध्याकाळी मार्लिसचा फोन आला. झालं, ठीक आहे, एवढंच म्हणाली. एप्रिलमध्ये तो गावात चालताना दिसला, टोपी कपाळावर ओढलेली, पोक पूर्वीपेक्षा कमी. मी गाडीतून हात वर केला. त्याने बघितलं असेल किंवा नसेल.

गेल्या आठवड्यात मार्लिस टपाल कचेरीत भेटली. मका पिवळा पडायला लागलाय, त्याबद्दल बोललो. ती म्हणाली, तो आता रात्रभर झोपतो. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. तळघरात जात नाही, डबा मुलीकडे पाठवून दिला. मग ती निघाली आणि मी तिला थांबवलं. मला ते करायला नको होतं कदाचित.

"माझ्याबद्दल काही म्हणतो का?"

तिने पत्रं पिशवीत घातली. "विचारलं मी त्याला. एल्डनला जेवायला बोलवू का म्हणून."

"मग?"

"म्हणाला, अजून नाही."

"म्हणजे कधीतरी?"

"तेवढंच म्हणाला, एल्डन," ती म्हणाली आणि तिने दार माझ्यासाठी धरून ठेवलं.